डाबरावरची मोजदाद

दुष्काळ सरला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. राधाकृष्ण भणगे नगरहून एस्टीनं पिंपरडोहाच्या फाट्यावर उतरला, तेव्हा त्याला घ्यायला सरपंचांसकट अर्धी चावडी उभी होती, आणि तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

तो वनखात्यात रेंजर होता. वनखात्याच्या माणसाला गावात कोणी हौसेनं उतरवून घेत नाही. लोक कुऱ्हाडी लपवतात, मोळ्या ओढ्यात टाकतात आणि मालक परगावी गेलेत म्हणून सांगतात. राधाकृष्णाची उमेदीची वर्षं चंदनचोरांच्या मागं हिंडण्यात गेली होती. माणूस किती गोड बोलतो त्यावरून तो काय दडवतोय याचा अंदाज बांधायची त्याला खोडच जडली होती. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेलात तरी देवाच्या मागं कोण लपलंय ते आधी बघाल.

इथं तर हार होता, नारळ होता, आणि सरपंच काकासाहेबांच्या मळ्यात हुरड्याची आगटी पेटवून ठेवली होती. कोवळी कणसं भाजून हातावर चोळून पुढं येत होती, सोबत लसणाची चटणी आणि दही. खाता खाता काकासाहेब सहज बोलल्यासारखे बोलले, "डाबरात बघायजोगं काय न्हाई, साहेब. दोन-चार बगळं सोडलं तर पाखरू म्हनून न्हाई."

थोड्या वेळानं गावचा कोतवाल आसाराम पाण्याचा तांब्या घेऊन आला. "दोन-चार बगळं सोडलं तर पाखरू म्हनून न्हाई, साहेब," तो म्हणाला.

संध्याकाळी चावडीवर तलाठ्यानं तेच वाक्य तसंच्या तसं म्हटलं, तेव्हा राधाकृष्णानं मान खाली घालून चहा संपवला. खरी गोष्ट दहा माणसं दहा तऱ्हांनी सांगतात. पाठ केलेलीच तेवढी सारखी निघते.

डाबर म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला पसरलेली पाणथळ. मधोमध गुडघा-मांडीभर पाणी, कडेनं लव्हाळं आणि पाणकणसं, आणि चहूकडं काळाभोर गाळ. जमीन सरकारी पड. गावच्या सोसायटीनं अर्ज केला होता, की चर खणून हे पाणी ओढ्याला काढून द्यावं, तळ सपाट करावा, निम्म्या जमिनीवर घोडेगावसारखा गुरांचा बाजार भरवावा आणि निम्म्यावर ऊस घ्यावा. चार वर्षांपूर्वी असल्या अर्जावर डोळे मिटून सही झाली असती. पण वन्यप्राण्यांचा नवा कायदा नुकता लागू झाला होता, आणि वर कोणीतरी शेरा मारला होता. जमीन वाळवली तर पशुपक्ष्यांचं काय होईल, भोवतालच्या पाण्याचं काय होईल, ते वनखात्यानं समक्ष पाहून कळवावं. असली पाहणी नगरकडं कोणी कधी केली नव्हती. राधाकृष्णाला एक दुर्बीण दिली आणि धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डाबरावर गेला. आसाराम सोबत होताच. राधाकृष्ण ओढ्याला परसाकडे गेला तरी हा बाभळीआड खाकरत उभा राही.

डाबर मुकं होतं. पाण्यावर ऊन पसरलं होतं, लव्हाळं हलत होतं, पण एक पंख फडकत नव्हता. बांधावर खरोखरच दोन बगळे उभे होते, जणू काकासाहेबांनीच नेमून दिलेले. राधाकृष्ण कडेकडेनं गाळ बघत चालला. गाळात तीन बोटांच्या पावलांची नुसती गर्दी उमटलेली. पाण्याच्या कडेला राखाडी पिसं तरंगत होती. दगडांवर विष्ठा होती, आणि ती ओली होती. पंगत नुकतीच उठावी आणि खरकट्या पत्रावळी तशाच पडून राहाव्यात, तसं ते दिसत होतं.

"ही पावलं कसली?" त्यानं विचारलं.

"कोंबड्या येत्यात गावातल्या," आसाराम म्हणाला.

"कोंबड्यांचे पाय वीतभर असतात का रे तुमच्या?"

आसाराम आभाळाकडं बघू लागला.

पुढं गाळात रुतलेला एक गोटा सापडला. मग आणखी एक. लिंबाएवढे, निवडून घेतल्यासारखे गोल. गोफणीचे गोटे राधाकृष्ण ओळखत होता. या दिवसांत जोंधळा कणसावर असतो आणि रानोरानी माळ्यांवर उभं राहून लोक पाखरं हाकतात. पण जोंधळ्याची रानं इथून लांब वरच्या अंगाला होती. पाण्यात गोटे मारून कोण कसली राखण करत होतं?

परतताना त्यानं गावाच्या विहिरी बघितल्या. प्रत्येक विहिरीच्या काठाला ताज्या मुरमाचा आणि फोडलेल्या दगडांचा ढीग होता. दुष्काळात तळ गाठायला जो तो विहीर खोल करत गेला होता. फक्त डाबराच्या काठच्या जुन्या दगडी विहिरीला ढीग नव्हता.

"ही नाही खणली?"

"तिला लागलंच न्हाई खनायला," आसाराम बोलून गेला. "समदं गाव हिच्यावर तर..." आणि त्यानं जीभ चावली.

राधाकृष्णानं गाळातून उचललेला गोटा खिशात चाचपला. दुपारी तो सरळ काकासाहेबांच्या ओसरीवर गेला आणि खिशातला गोटा त्यांच्यापुढं ठेवला.

"काकासाहेब, मी यायच्या आधी डाबरातली पाखरं कोणी उठवली?"

काकासाहेब भारदस्त माणूस. पांढरी टोपी, भुवया जाड. त्यांनी गोटा हातात घेतला, उलटसुलट केला आणि ते खरोखरच चकित झाल्यासारखे दिसले. राधाकृष्णाला वाटलं, नाटक चांगलं करतात.

"हे आमचं काम न्हाई."

"आणि ते पाठ केलेलं वाक्य?"

"ते आमचं." काकासाहेबांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. "म्या सांगितलं लोकांना, असं म्हना. खोटं बोललो. पन पाखरावर दगड मारायला मानसं धाडीन, एवढा मोकळा हाय का मी? आता तुमी सांगा साहेब. तुमाला घोडेगावच्या मंडळींनी धाडलंय ना? आमचा बाजार उभा र्‍हायला तर त्यांचं नुकसान हाय."

"मला सरकारनं धाडलंय."

"सरकारला आजवर आमची पाखरं दिसली न्हाईत. बाजाराचा अर्ज गेला आन लगीच दिसली?" त्यांचा आवाज चढला. "सालभर दुष्काळी कामावर खडी फोडली हो या गावानं. दावणीची जनावरं कवडीमोलानं गेली. पुन्यांदा तसं साल आलं तर गावाच्या हाताला कायतरी पायजे. आन मधी काय, तर बगळं?"

त्यांच्या बोलण्यातला जळजळीतपणा खोटा नव्हता. पण खरं दुःख असलेला माणूसही लबाडी करतो, हे राधाकृष्णानं पाहिलेलं होतं. त्याला ओसरीवरचा प्रत्येक चेहरा संशयित वाटू लागला. चहा देणारा गडीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं, पाहणी झाली, मी निघालो. आसारामानं त्याला दुपारच्या एस्टीत बसवलं, खिडकीतून रामराम केला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तो फाट्यावर उभा राहिला. राधाकृष्ण सोनईच्या अलीकडं उतरला आणि रानातून आडवाटेनं मागं फिरला. दिवस कलायच्या सुमारास तो डाबराच्या पलीकडच्या काठाला बाभळींच्या दाटीत येऊन बसला.

आधी काहीच झालं नाही. मग लांबून, खूप उंचावरून, लाकडी रहाट फिरावा तसा कर्रर कर्रर आवाज आला. करकोचे होते. आभाळात त्यांची वेडीवाकडी रांग दिसली, ती फिरत फिरत खाली आली, आणि लांब पाय पुढं सोडून एकेक करत पाण्याच्या कडेला उतरू लागली. त्यांच्यामागून बदकं आली, तांबूस रंगाचे चक्रवाक आले, तांबड्या पायांचे शेकाटे आले. बघता बघता मुकं डाबर बाजारासारखं गजबजलं. राधाकृष्णानं दुर्बीण डोळ्याला लावली होती, पण मोजायचं तो विसरला.

तेवढ्यात सूं करून गोटा आला आणि पाण्यावर फाटकन आदळला. मागोमाग डबा बडवल्याचा आवाज. सगळं डाबर एकदम उठलं. पंखांचा वारा त्याच्या तोंडावर आला.

समोरच्या लव्हाळ्यातून एक म्हातारी गुडघाभर पाण्यात आली होती. लुगड्याचा काचा मारलेला, डोक्याला फडकं, हातात गोफण. ती वर बघून ओरडत होती, "जावा गं! आज न्हाई, उद्याच्याला या! जावा!"

राधाकृष्ण बाभळीतून बाहेर आला. त्याला बघून ती जागच्या जागी थिजली. गोफण मात्र तिनं टाकली नाही.

"वाटलंच हुतं मला, तू गेला नसशील," ती म्हणाली.

"नाही गेलो. मावशी, तुम्हाला हे काकासाहेबांनी सांगितलं?"

"काकासाहेब?" तिनं बाजूला थुंकल्यासारखं केलं. "तेच्या ओसरीला म्या पाय लावत न्हाई."

ती बिबीजान. डाबराच्या काठाला तिचं छप्पर होतं, एक म्हैस होती. लव्हाळं कापून ती चटया विणायची आणि सोनईच्या बाजारात विकायची. ही गावची नव्हेच. तिचं गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. पाण्यानं उठवलेली माणसं मिळेल तिथं पांगली, तशी ती नवऱ्याबरोबर इथं आली होती, आणि नवरा इथंच मातीआड झाला होता. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं नाही. राधाकृष्णानं खोदून खोदून विचारलं, तिनं एकेक वाक्य तोडून टाकलं.

"मग पाखरं का हाकलता? तुमचं काय खातात ती?"

"माजं काय खात न्हाईत. पन तू मोजाय आलायस न्हवं?"

"हो."

"आमच्या गावात बी एक साहेब आला हुता. तुज्यावानीच, डोईला हॅट. लई गोड. आमच्या इहिरी मोजल्या, आंब्याची झाडं मोजली, घराचं खन मोजलं. कबरी बी मोजल्या. म्हनला, घाबरू नका चाची, नुस्ती मोजदाद हाय." तिनं गोफणीचा दोर मनगटाला गुंडाळला. "मोजल्यालं एक बी र्‍हायलं न्हाई."

दोन दिवस राधाकृष्ण ज्या चोराच्या मागावर होता, तो चोर हा निघाला होता.

"मावशी, उलटं होतंय," तो शेवटी म्हणाला. "मला पाखरं दिसली नाहीत तर मी तसंच लिहिणार. मग चर खणतील. हे सगळं वाळेल."

"आन दिसली तर?"

तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती. आजवर त्यानं पुष्कळांकडं असं बघितलं होतं. आपल्याकडं असं कोणी बघितलं तर कसं वाटतं, ते त्याला पहिल्यांदाच समजलं.

"दिसली तर कदाचित वाळवणार नाहीत."

"आन मला? म्हशीला? लव्हाळं?"

खोटं बोलणं सोपं होतं. काही होणार नाही, असं म्हटलं की झालं. पण पाखरं राखायची म्हणून रान राखीव करायचं, तार ओढायची आणि गुरं बाहेर काढायची, हे त्याच्या खात्यानं दुसरीकडं केलेलं त्याला ठाऊक होतं. तारा ओढताना तो स्वतः उभा होता.

"तार पडू शकते," तो म्हणाला.

"म्हंजी कुनीकडून बी मी भायेरच."

"मी लिहीन की तार नको. चराई आणि लव्हाळं आहे तसं चालू द्यावं. पण वरचे ते मानतील का, ते मला सांगता येत नाही. माझ्या हातात नाही ते."

बिबीजाननं मान वर केली. वर आभाळात करकोचे अजून घिरट्या घालत ओरडत होते.

"त्या साहेबानं समदं देऊ म्हनलं हुतं," ती पुटपुटली. "जमीन देऊ, घर देऊ. तू तर काय बी देऊ म्हनत न्हाईस."

"उद्या पहाटे फक्त गोटा मारू नका. एवढंच."

तिनं डबा उचलला आणि छपराकडं चालू लागली.

राधाकृष्ण तिथून थेट काकासाहेबांकडं गेला. त्याला दारात बघून काकासाहेबांच्या हातातला घास तसाच राहिला.

"तुमी तर गेल्ता!"

"परत आलो. उद्या उजाडताना माझ्याबरोबर डाबरावर चला."

"कशापायी?"

"मी जे बघेन ते तुम्हीही बघा. म्हणजे मागून घोडेगावचं नाव निघायला नको."

बिबीजानचं नाव त्यानं काढलं नाही. काकासाहेब त्याच्याकडं डोळे बारीक करून बघत राहिले. काय डाव असावा हा, हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट लिहिलं होतं.

पहाटे धुकं होतं. काकासाहेब मफलर गुंडाळून आले, मागं आसाराम. बांधावर बिबीजान आधीच येऊन बसली होती. मांडीवर गोफण, आणि गोफणीत गोटा भरलेला. काकासाहेबांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा गोफणीकडं, आणि त्यांच्या जाड भुवया वर गेल्या.

आवाज आला तसा राधाकृष्ण आभाळाकडं न बघता तिच्या हाताकडं बघू लागला. करकोचे खाली उतरले. धुक्यातून नुसते पाय दिसले, मग माना. पाठोपाठ बदकांचे थवे पाणी फाडत बसले. बिबीजानची बोटं दोरावर घट्ट झाली. ती पाखरांकडं बघतच नव्हती, राधाकृष्णाकडं बघत होती. चोरावर नजर ठेवावी तशी. मग तिनं गोफण उलटी केली आणि गोटा बांधावर पडू दिला.

आसाराम तोंड उघडं टाकून उभा होता. काकासाहेब कितीतरी वेळ खांबासारखे ताठ होते.

"जल्म गेला हितं," ते शेवटी म्हणाले, "पन या वक्ताला कधी आलो न्हाई." मग लगेच सावरून म्हणाले, "दिसाय ब्येस हायेत. पन पाखरावर गावाचं पोट भरत न्हाई."

"दुष्काळात गाव कोणत्या विहिरीवर जगलं?" राधाकृष्णानं विचारलं.

काकासाहेबांनी झटक्यात आसारामाकडं बघितलं. आसारामानं मान खाली घातली.

"ती हीर आमच्या वडलांनी बांधली. झराच तसा हाय तिला."

"झऱ्याला पाणी कुठून येतं?"

"डाबरातनं, असं तुमी म्हनता," काकासाहेब म्हणाले. पण ते वळून त्या विहिरीकडं आणि मग तिच्या लगतच्या डाबराच्या पाण्याकडं बघत राहिले. माघारी जाताना त्यांनी राधाकृष्णाला चहाला बोलावलं नाही.

राधाकृष्णानं जे बघितलं ते लिहिलं. पाखरं लिहिली, विहीर लिहिली, चर खणला तर विहिरीचा झरा आटण्याचा धोका आहे हे लिहिलं. बाजारासाठी सडकेकडचा मुरमाड माळ सुचवला. आणि शेवटी, कुंपण नको, गावाची चराई व लव्हाळ्याची कापणी आहे तशी चालू ठेवावी, हेही लिहिलं. निघायच्या आधी त्यानं ते बिबीजानला वाचून दाखवलं.

"कशावरून ह्येच लिवलंय?" ती म्हणाली.

"आसारामाकडून वाचून घ्या."

"आसाराम काकासाहेबाचा मानूस. त्यो काय बी वाचंल."

"मग तलाठी?"

"त्यो सरकारचा."

तिला वाचून दाखवायला भरवशाचा असा माणूस त्या गावात नव्हता. राधाकृष्णानं कागद घडी करून पिशवीत ठेवला.

उन्हाळा उतरणीला लागला तेव्हा वरून हुकूम आला. डाबर वाळवायची परवानगी तूर्त नाही. माळावर बाजार भरवायला हरकत नाही. कुंपणाबद्दल हुकुमात एक अक्षर नव्हतं, हो नाही की नको नाही. त्याच आठवड्यात राधाकृष्णाची अकोले तालुक्याच्या डोंगरात बदली झाली. त्यात काकासाहेबांचा हात होता की नव्हता, हे त्याला कळलं नाही. संशय मात्र आला, आणि तो गेलाही नाही.

जायच्या आधी तो पिंपरडोहाला जाऊन आला. माळावर बाजाराची दावण उभी राहिली होती. घोडेगावच्या मानानं लहान, पण बैल आले होते. काकासाहेब सौद्यात गुंतले होते. त्यांनी दुरून त्याच्याकडं बघितलं, टोपी सारखी केली आणि पाठ फिरवली.

डाबराचं पाणी आटून मध्ये आलं होतं. बिबीजान काठाला बसली होती. त्यानं हुकूम काय आला ते सांगितलं.

"तूर्त," तिनं शब्द तोंडात घोळवला. "म्हंजी पुन्यांदा कुनीतरी येनार."

"येईल."

"तुज्यावानी?"

"ते मला माहीत नाही, मावशी."

"तार?"

"लिहून आलेली नाही. पण येणार नाही असंही लिहिलेलं नाही."

ती हसली. तिला हसताना त्यानं पहिल्यांदाच बघितलं. पुढचे दात पडलेले होते. मग ती उठली, कारण म्हैस गाळात शिरून बसली होती आणि हाका मारून बाहेर यायला तयार नव्हती. बिबीजाननं दावं धरलं. तिच्या एकटीच्यानं ते ओढवेना. राधाकृष्णानं बूट काढले आणि पाण्यात उतरून दाव्याचं दुसरं टोक धरलं. म्हैस फुरफुरली, शेपटीनं दोघांवर चिखल उडवला आणि तिच्या मनात आलं तेव्हा उठली.

"जा आता, येस्टी जाईल," बिबीजान म्हणाली.

तो तसाच फाट्यावर पळाला. गाडीत कंडक्टरनं त्याच्या पँटीकडं बघितलं, नाक मुरडलं आणि त्याला मागच्या बाकावर बसायला सांगितलं.